साळवेनानांनी पास केलेला कॅमेरा

साळवेनानांबरोबर खरेदीला जायचं तर पोळीभाजीचा डबा बरोबर घेऊन निघावं लागे. एकदा आमच्या घरी साधा कुकर घ्यायचा होता. नानांनी दुकानदाराला सात कुकर उघडायला लावले, प्रत्येकाचं झाकण काचेच्या काउंटरवर पालथं ठेवून त्याच्या कडेनं सावकाश बोट फिरवलं आणि सातही बाजूला सारले. दुकानदारानं मला हळूच विचारलं, हे कोण? मी म्हणालो, इन्स्पेक्टर आहेत. कसले ते सांगायच्या आत त्यानं चहा मागवला आणि गोडाऊनमधून आठवा कुकर काढला. तो आठवा कुकर अजून आमच्याकडे आहे, आणि त्या दिवशी आपण साडेतीनला जेवलो हे बायकोही अजून विसरलेली नाही.

नाना इन्स्पेक्टरच होते, पण नागापूर एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात. गाड्यांच्या ब्रेकला लागणारे सुटे भाग आम्ही बनवायचो. माल बाहेर पडायच्या आधी शेवटचा नानांच्या टेबलावरून जायचा. टेबलावर मापाची गेजं, एक भिंग आणि लाल रंगाचा डबा. जो भाग मनाला आला नाही त्याच्यावर ब्रशनं एक लाल ठिपका. ठिपका पडला की तो भाग भंगारात, मग मध्यस्थीला सुपरवायझर येवो नाहीतर मॅनेजर. मी त्याच खात्यात कारकून होतो. नानांचे अहवाल फायलीला लावायचे आणि खात्याचं टपाल घ्यायचं, एवढंच माझं काम.

उंच, हडकुळा माणूस. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी सहा इंची स्टीलची पट्टी. कुठलीही वस्तू हातात आली की आधी ती उलटी करणार. कँटीनमधली चपाती उलटी करून बघायचे, लग्नात मिळालेलं ताट उलटं करून बघायचे. घरात भिंतीवर दोन तसबिरी होत्या, त्या त्यांनी गवंड्याची लेव्हलची बाटली लावून टांगल्या होत्या आणि इतरांच्या घरच्या तसबिरी तिरक्या आहेत हे ते आल्या आल्या सांगत. ‘चांगलं’ हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. फार खूष झाले तर ‘चालंल’ म्हणायचे. माझ्या मुलीच्या बारशाला आले, पाळण्यात वाकून बघितलं आणि म्हणाले, ‘चालंल.’ बायकोनं ते मनाला लावून घेतलं. मला मात्र आनंद झाला, कारण मी त्यांचा कारकून होतो आणि हा शेरा किती दुर्मीळ आहे ते मला ठाऊक होतं.

कॅमेऱ्याचा नाद त्यांना कारखान्यानंच लावला. नापास मालाचे फोटो काढून पुरवठादाराला पाठवायचे असत, त्यासाठी खात्याला एक जुना कॅमेरा मिळाला होता. नानांनी त्याचं पुस्तक डिक्शनरी घेऊन वाचून काढलं. तेव्हा रिळांचा जमाना होता. छत्तीस फोटो काढायचे, रीळ धुवायला टाकायचं आणि काय आलंय ते तीन-चार दिवसांनी कळायचं. हळूहळू सगळ्या एमआयडीसीत बातमी पसरली की साळवेनाना कॅमेरा पारखून देतात. कुणाचा मेहुणा आखातातून कॅमेरा घेऊन आला, कुणाला पोराच्या जावळासाठी घ्यायचा आहे, की आले नानांकडे.

कँटीनच्या मागची विटांची भिंत ही त्यांची परीक्षा घ्यायची जागा. रविवारी सकाळी भिंतीसमोर माणूस उभा करायचा, तो बहुतेक वेळा मीच. माझ्या हातात पाटी, तिच्यावर खडूनं नंबर. पाच पावलांवरून एक फोटो, दहावरून एक, वीसवरून एक, सावलीत एक, उन्हात एक. प्रत्येकाची वहीत नोंद. रीळ धुऊन आलं की नाना भिंग लावून विटांमधल्या सिमेंटच्या रेषा बघत. माझ्या तोंडाकडे त्यांचं लक्ष नसे. माझे आयुष्यातले सर्वांत जास्त फोटो त्या भिंतीपुढे निघालेत आणि एकातही मी हसत नाही, कारण हसलं की पाटी हलते असं त्यांचं म्हणणं.

मग कारखान्याच्या अहवालासारखाच अहवाल लिहून मिळायचा. मॅनेजरसाहेबांनी एकदा परदेशातून भारी कॅमेरा आणला आणि नुसतं कौतुक ऐकायला नानांच्या हातात दिला. नानांनी दोन रविवार घालवले आणि लिहून दिलं की फ्लॅशचा उजेड बारा फुटांच्या पुढं पोचत नाही, तरी साहेबांच्या भाषणाचे फोटो मागच्या रांगेतून काढू नयेत. साहेब महिनाभर आमच्या खात्याकडं फिरकले नाहीत. मी घ्यायला निघालेले कॅमेरे तर त्यांनी लागोपाठ तीनदा नापास केले. तोवर माझी मुलगी रांगायची ती चालायला लागली. तिचा रांगतानाचा एकही फोटो आमच्याकडे नाही. मी हे त्यांना चिडवायला म्हणून अनेकदा बोलून दाखवत असे, आणि एके दिवशी ते गप्पच झाले. त्यानंतर मी तो विषय काढला नाही, पण ते का गप्प झाले हे मला समजायला हवं होतं, कारण मी टपाल घेत होतो.

नानांची मुलगी उज्ज्वला. तिची आंतर्देशीय पत्रं कारखान्याच्या पत्त्यावर यायची, महिन्या-दोन महिन्यांतून एक. चार-पाच वर्षांपूर्वी तिनं लग्न केलं होतं, बरोबर शिकणाऱ्या मुलाशी, दोघांच्या मनानं. साळवे बौद्ध. मुलाकडचे आमच्यातले, पिढ्यान्‌पिढ्या पूजाअर्चा आणि मास्तरकी करणारे. त्यांचं घर घोडेगावला. मुलाच्या वडिलांनी सून घरात घेतली, पण अट घातली की तिचं माहेर या उंबऱ्याला लागता कामा नये आणि तिनंही तिकडं जाता कामा नये. जावई वडिलांपुढं बोलणारा नव्हता. नानांनी अट ऐकून घेतली, एवढंच विचारलं की पोरीला नीट ठेवाल ना. ते होय म्हणाले आणि त्यांनी तिला नीट ठेवलंही. त्यामुळे भांडायलासुद्धा जागा राहिली नाही.

उज्ज्वलाला मुलगी झाली, ती चार वर्षांची होत आली, पण नाना आणि त्यांची बायको शांताबाई यांनी नात पाहिली नव्हती. फोटोही नाही. उज्ज्वलाच्या सासरी पाच वर्षं पुरी झाल्याशिवाय मुलाचा फोटो काढत नसत. पूर्वी कधी एक मूल फोटो काढल्यावर आठवड्यात गेलं होतं, तेव्हापासूनची ही रीत. उज्ज्वलानं पत्रात लिहिलं होतं, वर्षभर थांबा, पाच पुरी झाली की पहिला फोटो तुम्हालाच पाठवते.

पण शांतावहिनींकडे वर्ष नव्हतं. आधी अर्धांगाचा झटका आला, डावी बाजू गेली, मग मूत्रपिंडं बिघडली. नगरच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. नानांनी तसं पत्र लिहिलं. उज्ज्वला सासऱ्यांच्या पाया पडली, दोन दिवस जेवली नाही, पण उत्तर एकच आलं. वहिनींचं मागणं तरी केवढं होतं? नात घरी यावी असंही त्या म्हणत नव्हत्या. ‘पोरीचा तोंडवळा कुनाचा हाय, तेवढं कळलं म्हंजी झालं,’ असं त्या येईल त्याला सांगत. मी भेटायला गेलो तेव्हा मलाही सांगितलं.

याच सुमारास नगरच्या एका दुकानात झूमचा छोटा कॅमेरा आला. साबणाच्या वडीएवढा. बटण दाबलं की भिंग पुढं सरकत यायचं आणि लांबचं माणूस जवळ दिसायचं. तोवर लांबचा फोटो काढायचा म्हणजे मोठा कॅमेरा आणि हातभर नळकांडं, ते फोटोग्राफर लोकांचं काम. हा मात्र तुमच्या-आमच्या ऐपतीतला. नाना तो घेऊन आले तेव्हा मला वाटलं, दुसऱ्या कुणासाठी असणार.

लागोपाठ तीन रविवार तीन रिळं संपवली. इतकी कडक परीक्षा त्यांनी कशाचीच घेतली नव्हती. आणि या वेळी पाच पावलं, दहा पावलं काही नाही. प्रत्येक फोटो वीस पावलांवरून. पहिल्या रिळात पाटीवरचा नंबरही वाचता येईना. भिंग जितकं पुढं येतं तितका उजेड आत कमी जातो, आतली झडप जास्त वेळ उघडी राहते आणि तेवढ्यात हात हलतो, हे त्यांनी शोधून काढलं. दुसऱ्या वेळी जास्त वेगाचं रीळ घातलं, कोपरं सायकल स्टँडच्या कठड्यावर टेकली, श्वास रोखला. तिसऱ्या वेळी माझ्या शर्टाची गुंडी तुटलेली दिसली. कॅमेऱ्यावर डोंगराचं चित्र असलेलं एक बटण होतं, ते दाबलं की मध्ये काहीही आलं तरी कॅमेरा लांबचंच पकडतो. तेही मध्ये फांदी धरून तपासलं. मग अहवाल लिहिला. ज्याच्याजवळ फार पैसे नाहीत आणि ज्याला लांबचं माणूस जवळ बघायचं आहे, त्यानं हा घ्यावा. ऊन पाठीमागून हवं. कोपर टेकायला जागा हवी. खाली लिहिलं, पास.

मी विचारलं, कुणासाठी बघताय नाना? त्यांनी पट्टी खिशातून काढली, परत ठेवली.

‘कुलकर्नी, बाजारातला लिंब आन त्यांचा ओटा, मधी वीस पावलं हायेत. पोरीनं मोजून लिवलंय.’

ठरलं होतं ते असं. शुक्रवारी घोडेगावला जनावरांचा बाजार भरतो. त्यांचं घर बाजाराच्या तोंडाशीच. गर्दीत कोण कुठला कुणी विचारत नाही. नानांनी बाजारातल्या कडुलिंबाखाली उभं राहायचं, बैलांचे फोटो काढतोय असं दाखवायचं. अकराच्या सुमाराला उज्ज्वला मुलीला ओट्यावर घेऊन येणार. हात करायचा नाही, हाक मारायची नाही.

आता मी जे सांगणार आहे ते मला सांगायला आवडत नाही. त्या घराशी आमचं लांबचं नातं होतं. मी घोडेगावला गेलो असतो तर मला पाट मिळाला असता, चहा मिळाला असता. त्या म्हाताऱ्यापुढं बसून मी म्हणू शकलो असतो की काका, एक बाई मरायला टेकली आहे, तासाभरासाठी पोरीला पाठवा. कदाचित त्यांनी मलाही वाटेला लावलं असतं. पण मी गेलो नाही. जाऊ का, असं नानांना विचारलंसुद्धा नाही. आमच्या नात्यागोत्यात काय बोलतील याचा मी विचार करत बसलो आणि तेवढ्यात शुक्रवार आला. नानांनी मला कधी जा म्हटलं नाही. मला वाटतं, मी जाणार नाही हे त्यांनी आधीच पारखलं होतं.

शनिवारी ते कामावर आले ते मी ओळखलेच नाहीत. चेहरा उजळलेला. दिवसभरात एका भागावर लाल ठिपका नाही. दुपारी डबा खाताना त्यांनी मला सगळं सांगितलं. लिंबाखाली उभं राहता आलं नव्हतं, कारण सासरेबुवाच तिथं कुणाशी तरी बोलत खुर्ची टाकून बसले होते. मग नाना बाजाराच्या आवाराला तारेची जाळी आहे, तिच्या आत गेले. तिथूनही ओटा तेवढाच लांब. जाळी मध्ये येतेय म्हणून डोंगराचं बटण आठवणीनं दाबलं, कोपरं दगडी चौथऱ्यावर टेकली आणि वाट बघितली. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. बैलवाल्यांनी दोनदा हटकलं. बाराच्या पुढं उज्ज्वला बाहेर आली, कडेवर मुलगी, पिवळा झगा, दोन बो.

‘कॅमेऱ्याच्या खिडकीतून बघितली कुलकर्नी. पापनी हलताना दिसली.’

उज्ज्वला लिंबाकडं बघत होती, ते म्हणाले. बाप तिथं उभा असणार म्हणून ती मुलीचं तोंड लिंबाकडं करून उभी राहिली, सासरे बसलेले दिसल्यावर इकडंतिकडं शोधायला लागली. नानांना हात करता येईना. त्यांनी नुसती बटणं दाबली. तिनं मुलीला ओट्यावर उभं केलं, बो सारखे करण्याच्या निमित्तानं चार बाजूंना फिरवलं. मग आतून हाक आली आणि दोघी गेल्या. सतरा फोटो निघाले होते. तोंडवळा कुणाचा, मी विचारलं. नाना म्हणाले, फोटो आल्यावर वहिनीच ठरवतील. त्या आधी आपण बोललो तर त्यांच्या डोक्यात तेच बसेल. तपासणीचा नियम म्हणून ते त्यांना बरोबरच वाटत होतं.

बुधवारी संध्याकाळी कामावरून सुटून मी त्यांच्याबरोबर फोटो आणायला गेलो. त्यांनी पाकीट उघडलं, पहिला फोटो बघितला, दुसरा बघितला, मग खिशातून भिंग काढलं. सतराच्या सतरा फोटोंत जाळी आली होती. तारेचा पीळ न्‌ पीळ दिसत होता, गंज दिसत होता, एका जागी अडकलेली कडब्याची काडी दिसत होती. तिच्यामागे एक पिवळा डाग आणि त्याच्यावर एक फिका डाग.

दुकानातला माणूस म्हणाला, कॅमेऱ्यानं जवळचं पकडलं. नाना म्हणाले, डोंगराचं बटण दाबलं होतं. त्या माणसानं कॅमेरा हातात घेतला, बटण दाबलं, गल्ल्यावर ठेवला. आम्ही तिघं त्याच्याकडं बघत उभे राहिलो. चार-पाच मिनिटांनी भिंग आपोआप आत गेलं. सेल वाचावे म्हणून हा कॅमेरा झोपतो, तो म्हणाला. परत चालू केला, तर डोंगराचं चित्र गेलं होतं. जागा झाला की हा मागचं विसरतो, परत बटण दाबावं लागतं. आणि बघायची खिडकी वेगळी, फोटो घेणारं भिंग वेगळं. खिडकीत सगळं स्वच्छच दिसणार.

नाना त्या झोपलेल्या कॅमेऱ्याकडं बघत होते. तीन रविवार परीक्षा घेतली, पण मी पाटी धरून तयारच असायचो. वाट बघायची वेळच कधी आली नव्हती.

‘ह्ये मी तपासलं न्हाई,’ ते म्हणाले. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तोही त्यांना कळला की नाही कोण जाणे.

त्यातल्या त्यात एक फोटो त्यांनी मोठा करायला टाकला, तो शनिवारी मिळाला. पुढच्या शुक्रवारी परत जातो, म्हणाले. तो शुक्रवार वहिनींना मिळाला नाही. गुरुवारी पहाटे त्या गेल्या. तिसऱ्या दिवशी उज्ज्वला आली, एकटी आली, आणि संध्याकाळच्या गाडीनं गेली. नाना त्यानंतर सहा वर्षं माझ्याच खात्यात होते. ठिपके देत होते, पण कॅमेरा कुणी आणला की ‘मला कळत न्हाई’ म्हणून परत करत. मग कारखाना बंद पडला आणि ते गावाकडं गेले. इतकी वर्षं मी त्यांना रोज पाहिलं, पण आठवतात ते त्या मोठ्या केलेल्या फोटोच्या दिवशीचे, वहिनी जायच्या आधीच्या रविवारचे.

‘तुमी चला,’ म्हणाले म्हणून मी बरोबर गेलो होतो. दोन खोल्यांचं घर, वहिनींची खाट दाराकडं तोंड करून. नानांनी फोटो त्यांच्या चांगल्या हातात दिला. वहिनींनी जवळ धरून बघितला. नाना सांगायला लागले, जाळी मधी आली, माझी चूक झाली. वहिनींनी फोटो परत त्यांच्या हातात दिला.

‘जरा लांब धरा,’ त्या म्हणाल्या. झटक्यानंतर त्यांची जीभ जड झाली होती, पण शब्द कळत.

नाना दोन पावलं मागं सरले. ‘आजून,’ वहिनी म्हणाल्या. ते मागं मागं जात उंबऱ्यापर्यंत गेले, मग उंबरा ओलांडून अंगणात. मी खाटेशी उभा होतो, वहिनींना जे दिसत होतं तेच मला दिसत होतं. लांबून तारा पुसट झाल्या. पिवळा झगा झग्यासारखा वाटायला लागला. फिक्या डागात काहीतरी गोळा झाल्यासारखं झालं, आणि तेवढंच राहिलं.

‘आता दिसती,’ वहिनी म्हणाल्या. ‘हनुवटी माज्या आयची हाय.’

अंगणातून नानांनी विचारलं, काय म्हणते. मी सांगितलं, दिसतंय म्हणतात. आयुष्यभर दुसऱ्याच्या डोळ्यांवर विश्वास न ठेवलेला माणूस मला विचारत होता,

‘तुमाला दिसती का, कुलकर्नी?’

मी म्हणालो, ‘हो नाना. स्पष्ट दिसते.’

त्यांनी मान हलवली आणि आणखी एक पाऊल मागं घेतलं. मागं कंपाउंडची भिंत होती, आणखी मागं जायला जागा नव्हती. तिला पाठ टेकून, दोन्ही हातांनी फोटो छातीशी धरून नाना उन्हात उभे राहिले, आणि वहिनी खाटेवरून बघत राहिल्या.